मोजणीत नसलेली बहीण : एका खोलीच्या वाटणीचा इतिहास

१.
दहा फूट रुंद, बारा फूट लांब अशी एक खोली. मधोमध ताणलेली सुतळी आणि तिच्यावर आईची जुनी साडी. साडीच्या अलीकडे, खिडकीच्या बाजूला मी. पलीकडे, दाराच्या बाजूला धाकटा भाऊ. सेनगावातल्या आमच्या घरात ही वाटणी मी आठवीत असताना झाली. पंच नव्हते, कागद नव्हता, साक्षीला फक्त आजी होती. पुढे इतिहासाच्या अभ्यासाला लागल्यावर लक्षात आले की त्या सुतळीमागे जवळजवळ नऊशे वर्षांचा युक्तिवाद उभा आहे. आजचा धागा त्याविषयी: भावंडांत घर कसे वाटले जाई, आणि त्या मोजणीत बहीण कुठे होती.

२.
आरंभी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ‘मुलांची खोली’ ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही. जुन्या मराठी घराला ओसरी होती, माजघर होते, स्वयंपाकघर होते, देवघर होते. पण अमुक जागा अमुक मुलाची, असे नव्हते. पुरुष ओसरीवर निजत, बायका माजघरात, म्हातारी माणसे दाराजवळ आणि लहान मुले आजीच्या भोवती. उन्हाळ्यात निम्मे घर माळवदावर. सकाळी अंथरुणांच्या वळकट्या भिंतीला लागल्या की निजण्याची जागा नाहीशी होई आणि तिथेच धान्य निवडणे सुरू होई. जागा माणसाची नसे, वेळेची असे.

३.
मग घर वाटायचे कसे? त्यासाठी मराठीत एक नेमके माप होते: खण. दोन खांबांच्या किंवा दोन तुळयांच्या मधली जागा म्हणजे एक खण. आपल्याकडे घर खोल्यांनी सांगत नसत. ते तीनखणी, पाचखणी असे. जुन्या खरेदीखतांतही घराचे वर्णन खणांच्या संख्येने येते. खणाची रुंदी लाकडाच्या लांबीवर आणि भार पेलण्याच्या ताकदीवर ठरे. त्यामुळे तुळईखाली भिंत घातली की घर आपोआप दुभंगे आणि छताला धक्काही लागत नसे. वाटणीची रेघ सुताराने घर बांधतानाच आखून ठेवलेली असे, असे म्हटले तरी चालेल.

४.
आमचे मूळ घर असेच चारखणी, मातीच्या भिंतींचे, माळवदाचे. आजोबांच्या पश्चात दोन खण काकांना आले, दोन वडिलांना. मधल्या तुळईखाली भिंत उभी राहिली. बळद काकांच्या बाजूला गेले म्हणून त्याबदल्यात देवघर आमच्याकडे आले. आड मात्र सामाईक राहिला आणि आडाकडे जाणारा बोळही सामाईक राहिला. लहानपणी मला वाटे की भांडून भांडून शेवटी एवढ्यावर तडजोड झाली असावी. नंतर धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचताना कळले की आड आणि बोळ न वाटण्याचा नियम आमच्या घरापेक्षा कितीतरी जुना आहे.

५.
त्या नियमाचा माग काढायचा तर सेनगावहून दक्षिणेकडे, कल्याणीला जावे लागते. हे कल्याण म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. मराठवाड्याप्रमाणेच हाही भाग पुढे हैदराबाद संस्थानात होता. तिथे चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (१०७६ ते ११२६) याच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. एका पंडिताचे हे भाष्य पुढे देशाच्या मोठ्या भागात वारशाचा कायदा बनले. कोलब्रुकने १८१० साली त्यातल्या दायविभागाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि मिताक्षरा इंग्रजी न्यायालयांच्या टेबलावर पोहोचली.

६.
मिताक्षरेचा गाभा असा: वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क वडिलांच्या मृत्यूने नव्हे, स्वतःच्या जन्माने निर्माण होतो. मग थोरल्याला जास्त द्यायचे का? मनुस्मृतीत ज्येष्ठाला विसावा भाग अधिक आणि सर्वांत चांगली वस्तू देण्याचे सांगितले आहे. विज्ञानेश्वर हे वचन नाकारत नाही. पण शास्त्रात असले तरी लोकांना जे तिटकाऱ्याचे वाटते ते आचरू नये, असे म्हणून विषम वाटणी बाजूला ठेवतो. धर्मशास्त्राच्या पंडिताने लोकांच्या न्यायबुद्धीला इतके वजन द्यावे, ही मला आजही थक्क करणारी गोष्ट वाटते. या धाग्याच्या शेवटी तिच्याकडे परत येऊ.

७.
आता आमचा आड आणि बोळ. काही गोष्टी वाटायच्या नसतात, अशी यादीच स्मृतींत आहे: अंगावरची वस्त्रे, शिजवलेले अन्न, पाणी आणि ‘प्रचार’. प्रचार म्हणजे काय? मिताक्षरेच्या मते घर, बाग इत्यादींत येण्याजाण्याची वाट. विहिरीचे पैसे करून वाटू नयेत, पाळीपाळीने पाणी घ्यावे. दोन भाऊ एकमेकांचे तोंड पाहत नसले तरी पाण्याच्या काठी आणि वाटेवर त्यांनी समोरासमोर यायचे, असा याचा व्यवहारातला परिणाम. आमच्या खोलीतही पंखा आणि दार वाटले गेले नाही. मिताक्षरा न वाचताच आम्ही दोघे तिथे पोहोचलो होतो.

८.
वाटणी झाली हे ओळखायचे कसे? याज्ञवल्क्य म्हणतो, नातलग, साक्षीदार, लेख आणि वेगवेगळी घरे-शेते यांवरून. नारदस्मृती त्यात देणेघेणे, जनावरे आणि अन्न यांचीही भर घालते. आपल्या भाषेने यातले अन्नच खरे मानले. ‘चूल वेगळी झाली’ एवढे म्हटले की बाकी काही सांगावे लागत नाही. चूलबंद आवतण दिले की त्या चुलीवर जेवणारी सारी माणसे आली. आजची जनगणनाही कुटुंब मोजताना सामाईक स्वयंपाकघर पाहते. भिंत नंतर येते. आधी चूल वेगळी होते.

९.
आणि बहीण? इथपर्यंतच्या साऱ्या हिशेबात ‘भाऊ’ हा एकच शब्द आला आहे. मिताक्षरेत बहिणीचा विचार आहे, पण अविवाहित बहिणीचा. याज्ञवल्क्याच्या मते वडिलांच्या पश्चात अशा बहिणीसाठी भावांनी चौथाई हिस्सा द्यावा. अनेकांनी याचा अर्थ ‘लग्नाचा खर्च’ एवढाच केला. विज्ञानेश्वर मात्र अडून बसतो: हा नुसता खर्च नव्हे, तो तिचा अंश आहे, ती मुलगा असती तर जे मिळाले असते त्याचा चौथा भाग. चौथाई का होईना, त्याने तिला मोजणीत धरले. लग्न झाले की ती मोजणीबाहेर.

१०.
आणखी एक पाऊल पुढे टाकले ते नीलकंठ भट्टाने. सतराव्या शतकात काशीत ‘व्यवहारमयूख’ लिहिणारा हा पंडित मूळ पैठणच्या घराण्यातला. निपुत्रिक भावाच्या मागे त्याच्या बहिणीला वारसांत जागा द्यावी, कारण तीही भावाच्याच गोत्रात जन्मली, असा त्याचा युक्तिवाद. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी मयूखाला मान दिला आणि तिथे बहीण वारस म्हणून उभी राहू शकली. तरीही हा हक्क भाऊ निपुत्रिक वारल्यावरचा. भावाबरोबर एकाच छताखाली राहणाऱ्या बहिणीला त्या छताखालचा खण यातून मिळत नव्हता.

११.
प्रत्यक्ष इतिहासात भावांच्या वाटणीचे सर्वांत प्रसिद्ध मराठी प्रकरण राजघराण्यातलेच आहे. शहाजीराजांचे निधन १६६४ साली झाले. तेरा वर्षांनी, १६७७च्या दक्षिण दिग्विजयात, शिवाजी महाराजांनी सावत्र भाऊ व्यंकोजीराजांकडे वडिलांच्या दौलतीतला अर्धा वाटा मागितला. भेट झाली, बोलणी फिसकटली, व्यंकोजी रात्रीतून निघून गेले आणि पुढे लढाईही झाली. राज्यांच्या भाषेत सांगितलेला हा प्रसंग मुळात एका घरातला आहे: थोरला भाऊ म्हणतो, वडिलांचे आहे, अर्धे दे, धाकटा म्हणतो, इतकी वर्षे मी सांभाळले.

१२.
या प्रकरणातले एक कलम मला विशेष महत्त्वाचे वाटते. नंतरच्या समेटात बंगळूर आणि आसपासचा मुलूख व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांना ‘चोळीबांगडी’साठी दिला गेला, असे मराठी परंपरा सांगते. समेट घडवण्यात दीपाबाईंचा वाटा मोठा मानला जातो. पण शब्द पाहा. भावाभावांत जाते त्याचे नाव ‘वाटा’. स्त्रीकडे जाते त्याचे नाव ‘चोळीबांगडी’. मुलूख कितीही मोठा असला तरी भाषेत तो सन्मानाने दिलेला आहेर आहे. वाटा मागता येतो, आहेर मागता येत नाही. हा शब्दभेद लक्षात ठेवा. पुढे तो आपल्या घरात दिसणार आहे.

१३.
इंग्रजी अमदानीत घराच्या वाटणीला वेगळाच पेच आला. शेत मोजून तोडता येते. घर तोडले तर कुणाच्याच कामाचे राहत नाही. म्हणून १८९३च्या वाटणी कायद्याने न्यायालयाला मुभा दिली की जिथे वाटप करणे योग्य नाही तिथे मालमत्ता विकून पैसे वाटावेत. आणि एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने विकत घेऊन वाटणी मागितली, तर तो हिस्सा मूल्य देऊन परत घेण्याचा अधिकार घरच्यांना दिला. राहते घर ही इतर मालमत्तेसारखी मालमत्ता नाही, ही जाणीव कायद्यात अशी आली. बहिणीचा प्रश्न मात्र जिथे होता तिथेच राहिला.

१४.
स्त्रियांसाठी पहिले मोठे दार १९३७ साली किलकिले झाले. मुंबईचे शल्यविशारद आणि मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद डॉ. गोपाळ विनायक देशमुख यांच्या प्रयत्नाने हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काचा कायदा झाला. लोक त्याला देशमुख कायदाच म्हणत. त्याने विधवेला पतीच्या हिश्श्यावर हयातीपुरता हक्क दिला. मुलीला काही नाही. शिवाय तो ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा. सेनगाव तेव्हा निजामाच्या राज्यात. मुंबईत मंजूर झालेले किंवा दिल्लीत मंजूर झालेले इथे आपोआप लागू होत नसे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपल्या आजी-पणजींचा कायदा वेगळाच होता.

१५.
यानंतर हिंदू कोड बिल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील प्रवर समितीने १९४८ साली मुलीचा वारसा मुलाच्या निम्म्यावरून मुलाइतका केला. विधेयक रेंगाळले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांच्या राजीनाम्याच्या कारणांत हे विधेयक ठळक होते. पुढे ते तुकड्यातुकड्यांनी मंजूर झाले. १७ जून १९५६ रोजी हिंदू वारसा कायदा अमलात आला. वडिलांच्या स्वतःच्या मालमत्तेत मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस ठरली. जन्मसिद्ध सहहिस्सेदारी मात्र मुलांपुरतीच राहिली.

१६.
या कायद्यातले कलम २३ या धाग्याचे मर्म आहे. वारसांत मुलगे आणि मुली दोन्ही असतील आणि मालमत्तेत कुटुंबाचे राहते घर असेल, तर मुलीला त्या घराची वाटणी मागता येणार नाही, जोवर पुरुष वारस आपापले हिस्से वेगळे करायचे ठरवत नाहीत. तोवर तिला फक्त राहण्याचा हक्क. तोही ती अविवाहित असेल, विधवा असेल, नवऱ्याने टाकलेली असेल किंवा विभक्त झालेली असेल तरच. म्हणजे हिस्सा तिचा, पण तो कधी जागा होणार हे भाऊ ठरवणार. आणि सुखाने नांदणारीला माहेरच्या घरात झोपण्याचाही कायदेशीर हक्क नाही.

१७.
आता आमच्या घरात परत येते. काका आणि वडील यांनी १९९८ साली चार खणांची वाटणी केली. त्यांना एक बहीण, माझी आत्या. कलम २३ नीट वाचले तर भावांनी वाटणी करायचे ठरवले त्याच दिवशी आत्याचा हक्क जागा झाला होता. आणि त्याच दिवशी तिची सही घेतली गेली. हक्कसोडपत्र. तिला नवी साडी नेसवली, ओटी भरली, जेवण झाले. आत्या सांगते, कागदावर काय आहे हे कुणी वाचून दाखवले नाही आणि मीही विचारले नाही. भाऊ आहेत तोवर माहेर आहे, एवढेच डोक्यात होते. साडीचोळी मिळाली, खण गेला. दीपाबाईंच्या कलमातला शब्दभेद तो हाच.

१८.
कुणावर राग धरून हे लिहीत नाही. वडील आणि काका वाईट माणसे नव्हेत. त्यांनी जे केले ते गल्लीतल्या प्रत्येक घरात होत होते, आजही होते. कागद करणाऱ्यालाही त्यात काही वावगे वाटले नाही. बहिणीने सही करणे हे प्रेमाचे लक्षण आणि न करणे हे लोभाचे, असा संकेत पक्का बसला आहे. भावाने आपला हिस्सा घेतला तर त्याला कुणी लोभी म्हणत नाही. विज्ञानेश्वराने ज्याला ‘लोकांना न रुचणारे’ म्हटले असते, ते ठरवणाऱ्या लोकांत बहिणी बसल्याच नव्हत्या.

१९.
दरम्यान घरही बदलत होते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला आणि दगडमातीच्या जड घरांनी हजारो माणसे गाडली. मराठवाड्यात माळवदाविषयी जी भीती बसली ती पुन्हा गेली नाही. पुढच्या काळात मातीचे छत जाऊन पत्रे आले, स्लॅब आले. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला. आमचे दोन खण पाडून त्या जागी दोन खोल्या उभ्या राहिल्या. खण गेला आणि खोली आली. खणाला खांब होते. खोलीला दार आहे, कडी आहे. दार आले की ‘ही कुणाची?’ हा प्रश्न आलाच.

२०.
ही खोली किती मोठी असावी? जनगणनेच्या व्याख्येत राहण्याची खोली म्हणजे किमान २ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि २ मीटर उंच. एक माणूस आडवा होऊ शकेल एवढी. २०११च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ३७ टक्के कुटुंबांकडे राहायला एकच खोली होती. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेतल्या घरकुलाचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर आहे. शेताच्या तुकड्याला तुकडेबंदीच्या कायद्याने निदान खालची मर्यादा तरी घातली. घराच्या तुकड्याला ती नाही. खोली साडीच्या पडद्यानेही वाटता येते.

२१.
आम्ही तशी वाटली. वाटणीचे कारण आजीने सांगितले: पोर मोठी झाली, आडोसा पाहिजे. खिडकी मला मिळाली कारण मी उशिरापर्यंत वाचत असे. दाराची बाजू भावाला, कारण तो पहाटे उठून दूध घालायला जाई. कोनाडा त्याचा, मांडणी माझी. दिवा रात्री दहानंतर विझवायचा. परीक्षेच्या दिवसांत ज्याची परीक्षा त्याचा दिवा. भांडणे पुष्कळ झाली. पण आज कळते की त्या खोलीत एक अपूर्व गोष्ट घडली होती. धर्मशास्त्राने न केलेली, १९५६च्या कायद्याने पुढे ढकललेली भाऊ-बहिणीची समान वाटणी आमच्या आजीने एका सुतळीने केली होती.

२२.
ती वाटणी चार वर्षे टिकली. मग आत्याचे यजमान वारले आणि आत्या परत आली. चारखणी घरातून सहीनिशी बाहेर पडलेली बाई माझ्या पाच फुटांत, माझ्या अंथरुणाशेजारी निजू लागली. कायद्याने तिला काही मागता येत नव्हते आणि तिने काही मागितलेही नाही. पाहुणी असल्यासारखी ती सकाळी सर्वांच्या आधी उठून आपली वळकटी कोपऱ्यात लावी. एके रात्री भावाने न सांगता सुतळी दोन हात आपल्या बाजूला सरकवली. त्या घराने आत्याला परत दिलेली जागा एवढीच, आणि तीही एका शाळकरी मुलाने दिलेली.

२३.
कायदा मात्र पुढे सरकत होता. केरळ, आंध्र, तमिळनाडू यांच्यामागोमाग महाराष्ट्रानेही दुरुस्ती केली. २२ जून १९९४ पासून राज्यात मुलगी जन्माने सहहिस्सेदार झाली; पण त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या गेल्या. आत्याचे लग्न १९९१चे. तीन वर्षांनी ती नव्या दारापासून चुकली. मग विधी आयोगाच्या १७४व्या अहवालाने, इ. स. २००० मध्ये, देशभर बदल सुचवले. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी, विवाहित असो वा अविवाहित, मुलाच्या बरोबरीची सहहिस्सेदार झाली आणि कलम २३ रद्द झाले. ४९ वर्षांनी राहत्या घराचे दार उघडले.

२४.
तरी शंका राहिली: २००५ साली वडील हयात असणे आवश्यक आहे का? ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी निर्णय दिला की नाही. मुलीचा हक्क जन्माने आहे, वडिलांच्या हयातीवर अवलंबून नाही. पण २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या कायम राहिल्या. विज्ञानेश्वराने मुलासाठी मांडलेला ‘जन्माने हक्क’ हा सिद्धांत मुलीपर्यंत पोहोचायला जवळजवळ नऊशे वर्षे लागली. आत्यापर्यंत तो पोहोचलाच नाही; तिचा कागद १९९८चा.

२५.
गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा सुतळी काढलेली होती. भावाचे लग्न ठरते आहे. खोली त्याची होणार, आणि ते योग्यच आहे, मी तिथे राहत नाही. रात्री जेवणे झाल्यावर वडील म्हणाले, ‘‘बाई, कागद एकदा नीट करून घेऊ. तुझी एक सही लागंल.’’ कागद कसला ते मी विचारले. वडील थोडे थांबले आणि म्हणाले, ‘‘तुझ्या आत्यानं केली होती तसलीच.’’ आत्या भांडी घासत होती. तिचा हात थांबला, पण ती काही बोलली नाही.

२६.
मी सही केलेली नाही. वडिलांना एवढेच म्हणाले, ‘‘बाबा, आधी उताऱ्यावर माझं नाव येऊ द्या. आत्याला हयातभर राहायची जागा लिहून द्या. मग माझ्या वाट्याचं काय करायचं ते मी आणि दादू बसून ठरवू.’’ जे नावावरच नाही ते सोडल्याचा कागद करणे म्हणजे आपण कधी मोजणीत नव्हतोच, असे लिहून देणे. भाऊ म्हणाला, ‘‘ताईचं बरोबर आहे.’’ वडील अजून बोलत नाहीत. फोनवर फक्त ‘जेवलीस का’ एवढेच विचारतात. हा अबोला मला जड जातो. पण आत्याची सकाळची वळकटी त्याहून जड आहे.

२७.
इतिहास काय सांगतो? वाटणीत भिंत कुठे घालायची हा प्रश्न नेहमी दुसरा असतो. पहिला प्रश्न असतो, मोजताना कोणाला धरायचे. खण, तुळई, आड, बोळ यांचा बारकाईने विचार करणाऱ्या समाजाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर गृहीत धरले होते. पण त्याच परंपरेत एक वाक्यही आहे: शास्त्रात असले तरी लोकांना जे अन्यायाचे वाटते ते करू नये. त्या लोकांत आता बहिणीही बसल्या आहेत.

२८.
धागा इथे संपवते. एक विनंती: आपापल्या घराचा उतारा एकदा पाहा आणि त्यावर कोणाची नावे आहेत ते वाचा. मग आपल्या आत्याला किंवा आईला विचारा की तिने माहेरी कधी सही केली होती का, आणि त्या दिवशी कागद कुणी वाचून दाखवला होता का. आपल्या जुन्या घरातले खण किती, वाटणीत काय सामाईक राहिले, हेही कळवा. अशा आठवणी कुठल्याही दफ्तरात नाहीत. त्या सांगणाऱ्या बायका आहेत तोवर लिहून घेतल्या पाहिजेत.